वसंत आला, तक्रार नोंदवा

मार्च संपत आला की आमच्या नातेवाइकांच्या अमेरिकन शाखेला फुलांचं भरतं येतं. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छाही नुसत्या अंगठ्यावर भागवणारी ही माणसं या दिवसांत फोटोंचा पाऊस पाडतात. फिकट गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, झाडाखाली मेहुणा, मेहुण्याच्या अंगात जाकीट. पुढच्या फोटोत झाड तेच, जाकीट तेच, मेहुणा दुसरा. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण या मोहिमेची म्होरकी. तिकडे नेवार्क गावात ब्रँच ब्रूक पार्क नावाची बाग आहे आणि तिथे चेरीची पाच हजारांवर झाडं आहेत, म्हणजे खुद्द वॉशिंग्टनपेक्षाही जास्त. १९२७ साली कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड नावाच्या बाईंनी पहिली दोन हजार झाडं या बागेला दिली. बहीण ही हकिगत इतक्या जिव्हाळ्याने सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, तेव्हा खड्डे खणायला आमची मावशीच गेली होती.

फोटो संपले की शेवटी प्रश्न येतो : ‘दादा, तुमच्याकडे मीरा रोडला काय फुललंय?’

या प्रश्नात खोच नसते, असं मी मानतो. तो माझा मोठेपणा. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मीरा रोडच्या माणसाला कोणी विचारत नाही. आम्हाला विचारतात ते पाणी किती वेळ येतं, स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का, आणि पूनम सागरमध्ये वन बीएचके केवढ्याला पडतो. या तिन्हींची उत्तरं आम्हाला झोपेतही देता येतात. फुलांचं उत्तर द्यायचं तर मात्र बाहेर पडून बघणं आलं.

चेरी ब्लॉसमशी आमच्या पिढीचा परिचय तसा जुना. ती घरात यायची चपट्या गोल डबीतून. एक काळी, एक तपकिरी. रविवारी संध्याकाळी वडील जुना पेपर पसरायचे, बुटात डावा हात घालायचे आणि उजव्या हाताने ब्रश असा काही चालवायचे की घरभर पॉलिशचा वास सुटायचा. चेरीचं फूल गुलाबी असतं आणि त्याला वास जवळजवळ नसतोच, हे मला फार उशिरा कळलं. आजही ते फोटो बघताना मला बूट आठवतात.

खरी चेरी मीरा रोडला का नाही, याला महापालिका जबाबदार नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे एखादी गोष्ट नाही म्हटलं की पहिलं बोट तिकडेच जातं. कारण आहे थंडी. चेरीच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि कित्येक आठवडे नीट गारठा खाल्ल्याशिवाय उठायचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे जानेवारीत पारा सोळा-सतरावर उतरला की कपाटातून कानटोप्या निघतात, स्वेटर डांबरगोळ्यांचा वास मिरवत फिरतात, गेटवर वॉचमन पुठ्ठे जाळून शेकत बसतो. पण एवढ्या नाटकाला चेरी फसत नाही. आपल्या देशात ती भेटते हिमालयाच्या अंगाखांद्यावर आणि शिलाँगला. आणि शिलाँगची चेरी फुलते नोव्हेंबरात! वसंताचं काम दिवाळीच्या आसपासच उरकून ती मोकळी.

तरीही एका रविवारी सकाळी मी पूनम सागरमधून निघालो. ‘कुठे निघालात?’ असं हिने विचारलं. ‘वसंत बघायला,’ म्हटलं. ‘येताना कोथिंबीर आणा,’ ती म्हणाली. आमच्या घरात ऋतूंकडे बघायची ही अशी दृष्टी आहे.

आमचा हा भाग गेल्या तीस-चाळीस वर्षांतला. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीकडे खारफुटी होती. नगरपालिका झाली १९८५ साली, महापालिका २००२ साली. या दोन तारखांच्या अलीकडे-पलीकडे इमारती उगवल्या, आणि इमारतींबरोबर बिल्डरांनी झाडंही दिली. झाड म्हणजे अशोक. सीता ज्याच्याखाली बसली तो नव्हे. त्याला केशरी गुच्छ येतात आणि त्याला पसरायला जागा लागते. हा आमचा अशोक सरळ उभा, फांद्या अंगालगत खाली सोडलेला, शाळेतल्या ‘सावधान’मध्ये कायमचा अडकलेला. यालाही मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. हिरवट पिवळी, पानांत पान होऊन बसलेली. कधी येतात, कधी जातात, शेजारच्या फांदीलाही पत्ता लागत नसावा. सोसायट्यांना हे झाड मनापासून आवडतं, ते याचसाठी. जागा अडवत नाही, सावली देत नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

पुढे देशी बदाम. त्याची पानं लाल होऊन गळायची ती फेब्रुवारीत, त्यामुळे आमच्याकडे शरद आणि वसंत शेजारी शेजारी येतात आणि अमेरिकेत ज्याचे वेगळे फोटो काढायला वेगळी सुट्टी घ्यावी लागते ते काम इथे एका फेरीत होतं. बदामाच्या पलीकडे एका सोसायटीच्या कुंपणावर बोगनवेल भडक गुलाबी फुलली होती. पण बोगनवेल बारा महिने फुलते. जी कायमच हसतमुख असते, तिच्यावरून आज सण आहे की नाही हे कसं ओळखायचं?

खरा थांबलो तो एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप जिथे वळतो, त्या सांध्यात पिंपळ उगवला होता. चांगला हातभर. आणि त्याला नवी पालवी. ती अजून पोपटीसुद्धा नव्हती. तांबूस गुलाबी, तकतकीत, इतकी पातळ की मागून ऊन आलं तेव्हा एकेक शीर मोजता यावी. वारा पडलेला होता, तरी लांब देठांवरची पानांची शेपटं थरथरत होती. खाली पाइपातून कोणाच्या तरी आंघोळीचं पाणी धो धो वाहत होतं. त्या सकाळी मला दिसलेला सगळ्यांत सुंदर गुलाबी रंग हा असा गीझरच्या आशीर्वादावर वाढत होता.

‘हर साल काटने का तय होता है,’ मी मान वर करून उभा आहे हे बघून तिथला वॉचमन म्हणाला. ‘प्लंबर आता है, देखता है, हाथ जोडता है, चला जाता है.’ पिंपळ तोडायचा तर ज्याला कशाचीच भीती नाही असा माणूस हवा. मीरा रोडला हरेक धर्माची, प्रांताची आणि पक्षाची माणसं राहतात; पण पिंपळावर कोयता चालवायचा म्हटलं की सगळ्यांचं एकमत होतं की हे काम दुसऱ्याने करावं. पिंपळावर मुंजा असतो म्हणतात. इथले भाव बघता त्यालाही अखेर पाइपाच्या सांध्यातच जागा घ्यावी लागली असणार.

तिथून मीरा-भाईंदर रस्त्याला आलो. इथे खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो ९ चा मार्ग असा तिमजली कारभार आहे. जमिनीवरून चालणाऱ्याला आभाळ दिसतं ते फटीफटीतून. रांगेने उभे असलेले खांब मात्र भक्कम आहेत आणि त्यांची पानं पडत नाहीत, हा त्यांचा गुण कोणीही मान्य करील.

आणि इथे, या रस्त्यावर, मला चेरी सापडली! काचेच्या दारापलीकडे, मेनूकार्डाच्या स्टँडला खेटून, छतापर्यंत पोचलेली, अक्षरशः एकही पान नसलेली, गुलाबी फुलांनी ओथंबलेली चेरी. कॅफे नुकताच उघडला होता. पोरगा फडक्याने फुलांवरची धूळ झटकत होता. बुंध्यातून वायर निघून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती, आणि फांद्यांत बारीक दिवे मिणमिणत होते. तिच्याखाली दोन मुली आलटूनपालटून एकमेकींचे फोटो काढत होत्या. अशी चेरी आता कॅफेत असते, लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे असते, ब्यूटी पार्लरच्या आरशाशेजारी असते. तिला थंडी लागत नाही, पाणी लागत नाही, ऋतू लागत नाही. फक्त वीज गेली की तिचा बहर ओसरतो. मी आत जाऊन एक चहा घेतला. चहाच्या किमतीत पुढच्या टपरीवर अख्ख्या झाडाला पुरेल इतका चहा आला असता. पण फुलं बघायची म्हणजे खर्च होणारच.

या अस्सल-नकल प्रकारातली मधली पायरी म्हणजे पूर्व द्रुतगती मार्ग. विक्रोळी-घाटकोपरच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला गुलाबी ताबेबुया आहे, म्हणजेच बसंत रानी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडं पानं टाकून नखशिखांत गुलाबी होतात आणि त्यांचे फोटो ‘हे जपान नाही, ही मुंबई आहे’ या मजकुरासह दर वर्षी घराघरांत पोचतात. दृश्य खरोखर देखणं आहे. फक्त मीरा रोडच्या माणसाने ते बघायला जायचं कसं? लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने घाटकोपर, तिथून रिक्षा, आणि मग जिथे थांबायची सोय नाही अशा हायवेच्या कडेला उभं राहून वर बघायचं. नाही तर गाडी काढून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला वळसा. घोडबंदर रस्त्याने निघालेला माणूस कळ्या असताना निघतो आणि शेंगा धरल्यावर पोचतो, हे ज्यांनी तो रस्ता अनुभवलाय त्यांना पटेल. आणि हायवेवर ट्रॅफिक जॅममध्ये अडकलेल्यांच्या डोक्यावर ती झाडं अशी फुललेली असतात की आयुष्यात प्रथमच माणसाला वाटावं, अजून थोडा वेळ अडकलो तरी चालेल.

ही बसंत रानी जपानचीही नाही आणि मुंबईचीही नाही. ती मध्य अमेरिकेकडची. एल साल्वादोर या देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष. आपल्या रस्त्यांवरच्या झाडांची मुळं अशी खणायला गेलं की सगळंच घोटाळ्याचं होतं. गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. देवळातला चाफासुद्धा मेक्सिकोच्या बाजूचा. काशिमिऱ्याच्या मागच्या डोंगरांसारख्या उतारांवर फेब्रुवारीत पानं झाडून फिकट गुलाबी होणारी गिरिपुष्पाची झाडं, ज्यांना लोक उंदीरमारी म्हणतात, तीही मध्य अमेरिकेतून आलेली. तिकडे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी ती लावत. पण यात आम्हा मीरा रोडकरांना नवल ते काय? आम्ही तरी कुठले इथले? कोणी गिरगावातली खोली विकून आलं, कोणी लालबागमधली. कोणी राजस्थानातून, कोणी कोल्लमहून, कोणी आझमगडहून आलं. सगळ्यांनी इथेच मुळं धरली आणि आता सगळे मिळून नव्याने येणाऱ्यांमुळे गर्दी वाढली म्हणून कुरकुरतात. गुलमोहरही पर्जन्यवृक्षाला हेच म्हणत असेल. मूळचे आगरी-कोळी जसे या गर्दीत शोधावे लागतात, तशीच मूळची झाडंही शोधावी लागतात. ताम्हण घ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल. ऐन महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या झालरी लावून उभं असतं आणि खालून जाणारा माणूस विचारतो, ‘हे विदेशी आहे का हो?’

तिकडे साताऱ्यात मात्र लोकांनी ही भानगड सरळ सोडवली. तिथे १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात. फुललेल्या झाडांखाली जमतात, चित्रं काढतात, कविता म्हणतात. गुलमोहराला जातपडताळणी विचारत नाहीत. जपानी लोक चेरीखाली करतात तेच हे. जपानात तर बहराच्या दिवसांत झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून पहाटेपासून जागा धरायला ऑफिसातल्या सगळ्यांत धाकट्याला बसवतात म्हणे. जागा धरण्याच्या बाबतीत मात्र विरार लोकलने वाढवलेल्या माणसाला जपानने काही शिकवायला नको.

तर चालून दमलो, कोथिंबीर घेतली आणि सोसायटीत परतलो. गेटमध्ये शिरलो तर सेक्रेटरी तक्रारवही उघडून उभे. चेहरा असा, की कोणाच्या तरी टाकीत काहीतरी पडलंय.

‘बघा,’ ते म्हणाले. ‘सुरू झालं.’

वहीत एक ताजी नोंद होती : ‘फूल गिरता है. गाडी खराब होता है. प्लीज अ‍ॅक्शन.’ खाली सही, फ्लॅट नंबर.

कुंपणालगत, पार्किंगच्या कोपऱ्यावर, आमच्याकडे एक करंज आहे. तो बिल्डरने लावलेला नाही. तो इथला. करंज हे किनाऱ्याचं, खाडीकाठचं झाड; खारं पाणी, खारी माती याची त्याला सवय. मिठागरांच्या शेजारच्या जमिनीवर दुसरी झाडं रुसून बसतात तिथे हा निमूट वाढतो. त्याच्या बियांच्या तेलावर एके काळी दिवे जळत. गेली कित्येक वर्षं मी त्याच्याखालून रोज जात होतो आणि त्याच्याबद्दलचं माझं ज्ञान एवढंच होतं की पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर थोडा वेळ भिजत नाही.

आता बघितलं. पांढऱ्या गाडीचं बॉनेट फुलांनी भरलं होतं. वायपरच्या फटीत फुलं, आरशाच्या खोबणीत फुलं, जमिनीवर गाडीचा आकार सोडून चारी बाजूंना फुलं. एक उचललं. नखाएवढं, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं. पाकळ्या फिकट गुलाबी, कडेला जांभळट, आणि बुडाशी तपकिरी इवलीशी वाटी, जणू कोणी हाताने चिकटवलेली. वर नव्या पोपटी पानांत मधमाश्यांची लगबग चालली होती. पुढची नोंद त्यांच्याबद्दल होती : ‘झाडावर मधमाश्या येतात. मुलांना चावल्यास जबाबदार कोण?’ आणि तिसरी, बी विंगच्या वहिनींच्या टपोऱ्या अक्षरात : ‘सकाळी झाडलं तरी दुपारी पुन्हा तेच. मेंटेनन्स कशाचा घेता?’

म्हणजे ज्या वसंतासाठी मी घामाघूम होऊन मीरा-भाईंदर रस्ता पालथा घातला, तो सोसायटीत आवक-जावक क्रमांकासह दाखल झालेला होता.

जपानात बहर जाहीर करण्याचं काम हवामान खात्याकडे आहे. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक चेरी नमुन्याचं झाड म्हणून ठरवलेलं आहे. अधिकारी येतो, झाड निरखतो, आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत वसंत आल्याची घोषणा होते. समोर टीव्हीचे कॅमेरे सज्ज असतात. त्यांच्या सोमेई योशिनो जातीची झाडं म्हणजे एकाच झाडाची कलमं, म्हणून एका भागातली सगळी एकदम फुलतात. आमच्या झाडांत एवढी एकी नाही, प्रत्येकाची घटिका वेगळी. पण अधिकारी आमच्याकडेही आहेत, आणि ते बिनपगारी आहेत. सेडानवाले, स्कूटरवाले, नुकतंच कपडे वाळत घातलेल्या वहिनी. यांच्या नजरेतून एक पाकळी सुटत नाही.

यातल्या सर्वांत वरच्या अधिकारी म्हणजे आमच्या झाडूवाल्या मावशी. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिने लिहिले, मावशी ते बारा महिने झाडतात. त्यांना विचारलं, ‘मावशी, हे किती दिवस चालेल?’ त्यांनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि पंचांग सांगावं तसं सांगितलं : ‘जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची पानं. मग पिंपळाचा कचरा. आता हा करंज, अजून पंधरा-वीस दिवस. मग रस्त्यावरचा पिवळा मोहोर, तो लई बारीक, झाडूत येतच नाही. मग गुलमोहर. तो ओला झाला का फरशीला चिकटतो. आणि जूनमध्ये हे सगळं गटारात.’ वनस्पतिशास्त्राचं एवढं नेमकं व्याख्यान मी कॉलेजातही ऐकलेलं नाही. प्रत्येक झाडाची फुलं झाडूला कशी लागतात यावरून त्यांचं वर्गीकरण चालतं, आणि ते चुकत नाही.

पुढच्या रविवारी सभा झाली. विषय पत्रिकेत तिसरा : ‘करंजाच्या झाडाबाबत विचार करणे.’ सोसायटीत ‘विचार करणे’ याचा अर्थ ‘तोडणे’ हे सर्वांना ठाऊक असतं. गाडीवाले अंकल तयारीनिशी आले होते. त्यांनी मोबाइलवर बॉनेटचे फोटो दाखवले. मी सांगतो, ते फोटो मेहुण्याच्या फोटोंपेक्षा सरस होते. पांढऱ्या रंगावर गुलाबी फुलं, तिरपं ऊन, मागे झाडाची सावली. तक्रारीच्या रागात माणसाचा हात किती स्थिर राहतो!

‘ये निकालो,’ अंकल म्हणाले, ‘और उसकी जगह कोई अच्छा झाड लगाओ. चेरी ब्लॉसम लगाओ. मेरा बेटा टोरंटो में है, क्या दिखता है!’

‘पण त्याचीही फुलं गाडीवर पडतील,’ खजिनदार म्हणाले.

‘वो अलग बात है,’ अंकल म्हणाले. ‘वो जापानी है.’

यावर सभेत कोणी हसलं नाही, कारण बऱ्याच जणांना ते पटलं होतं.

मला तेव्हा वॉशिंग्टनची हकिगत सांगावीच लागली. १९१० साली जपानने भेट पाठवलेली चेरीची दोन हजार रोपं वॉशिंग्टनला पोचली. सरकारी तपासनिसांनी बघितली तर कीड! राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने सगळी रोपं जाळून टाकली. केवढी नामुष्की! पण टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी राग धरला नाही. १९१२ साली त्यांनी पुन्हा पाठवली, तीन हजार वीस. २७ मार्च १९१२ रोजी टॅफ्टबाईंनी आणि जपानी राजदूतांच्या पत्नीने पहिली दोन लावली, आणि आज तिथे जग लोटतं. ‘म्हणजे बघा,’ मी म्हटलं, ‘झाड काढून टाकण्याआधी...’

‘दोन हजार झाडं जाळायला परवानगी कोणी दिली?’ सेक्रेटरींनी मधेच विचारलं. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. इथे एक झाड तोडायचं तर १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आडवा येतो, महापालिकेकडे अर्ज करावा लागतो, वृक्ष प्राधिकरण असतं, पाहणी होते. नुसता अर्ज कोणी लिहायचा यावर अर्धा तास गेला. मराठीत लिहायचा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी आनंदाने घेतला. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. करंज पंधरा-वीस दिवसांचा पाहुणा, मावशींनी सांगितलेलंच होतं. अर्जाचा पहिला खर्डा होईपर्यंत शेवटचं फूल पडलं, गाडी स्वच्छ झाली आणि अंकलचा राग गटाराच्या झाकणाकडे वळला.

पण त्याच सभेत आणखी एक ठराव मांडला गेला आणि त्याने मला खरी धडकी भरली. तक्रारी यापुढे मोबाइल अ‍ॅपवर घ्यायच्या आणि कपाटातल्या जुन्या तक्रारवह्या रद्दीत द्यायच्या. मी उठून उभाच राहिलो. कारण क्योटोची गोष्ट मला ठाऊक होती. क्योटोत चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. त्या काही शास्त्रज्ञांनी केलेल्या नाहीत. राजदरबारातली माणसं, मठातले भिक्षू रोजनिशीत लिहून ठेवत, आज फुलं बघायला गेलो, अमुक ठिकाणी जेवलो. यासुयुकी आओनो या संशोधकांनी त्या चाळून तारखांची माळ लावली, आणि त्यावरून कळलं की २०२१ साली क्योटोची चेरी २६ मार्चलाच पूर्ण बहरली, तोवरच्या बाराशे वर्षांत सर्वांत लवकर. त्याआधीचा उच्चांक १४०९ सालातला, २७ मार्चचा. पृथ्वी तापते आहे याचा इतका सुरेख पुरावा दुसरा नसेल, आणि तो दिला कोणी, तर खाऊनपिऊन डायरी लिहिणाऱ्या रिकामटेकड्यांनी.

आमच्याकडे दरबार नाही आणि फुलं बघायला जाऊन आल्याची डायरी कोणी लिहीत नाही. पण तक्रारवही आहे! करंजाची फुलं पडू लागली की त्याच आठवड्यात नोंद होते, तारखेनिशी, सहीनिशी, फ्लॅट नंबरानिशी. मी जुन्या वह्या काढून दाखवल्या. त्यात बदामाची पानं आहेत, गुलमोहराची घसरण आहे, ‘कोयल सुबह चार बजे चिल्लाती है, नींद हराम’ अशी एक अप्रतिम वसंतनोंदही आहे. क्योटोच्या भिक्षूलाही एवढं बारकाईने लिहिणं जमलं नसतं, कारण त्याला गाडी नव्हती.

सभेने वह्या ठेवायला मान्यता दिली, या अटीवर की त्या माझ्या घरी ठेवाव्यात. हिने त्या माळ्यावर टाकल्या आहेत. अंकलनाही मी विनंती केली की पुढच्या वर्षी तक्रार जरूर करा, चांगली चार ओळींची करा, फोटो लावा. फक्त तारीख स्पष्ट घाला आणि ‘फूल गिरता है’ एवढ्यावर न भागवता कुठल्या झाडाचं तेही लिहा. नाव आठवलं नाही तर मावशींना विचारा. सकाळी साडेसात ते नऊ त्या खाली असतात.